तावोच्या वडिलांचे एकतीस दाणे

हे लिहून ठेवायचं नाही, असंच रेनेने ठरवलं होतं. फोनमध्ये त्याची बागेची वही होती. कुठल्या दिवशी मुळा पेरला, कोथिंबीर कितव्या दिवशी वर आली, उंदराने काय कुरतडलं, सगळं तो त्यात टिपायचा. कोणी शिकवलेलं नव्हतं त्याला. व्हिडिओ बघून, चुका करून, शेजाऱ्यांच्या कुंपणावरून डोकावून जमेल तेवढं शिकला होता. पण तेरा सप्टेंबरची जागा त्याने कोरी सोडली. पुढे मागे काही दिवस भरगच्च, मध्ये ही एक कोरी ओळ. लिहिलं नाही म्हणजे घडलं नाही, असं काहीसं त्याच्या डोक्यात होतं.

घडलं होतं. एकतीस दाण्यांचं घडलं होतं.

दाणे त्याच्या मित्राचे, तावोचे. म्हणजे खरं तर तावोच्या वडिलांचे, डॉन अन्सेल्मोंचे; ‘डॉन’ हे तिकडचं आदराचं ‘राव’. या दाण्यांना हाबा म्हणतात, आपल्या पावट्याचा आडदांड थोरला भाऊच समजा. डॉन अन्सेल्मो तरुणपणी सीमेपलीकडच्या गावातून फीनिक्सला आले तेव्हा खिशातून मूठभर दाणे घेऊन आले होते. मग चाळीस वर्षं दर हिवाळ्यात तेच पेरायचे, तेच वाळवायचे, परत बरणीत. एप्रिलमध्ये म्हातारा गेला. जूनमध्ये घर विकलं गेलं. नव्या मालकाने आठवड्याभरात अंगणभर खडी अंथरली.

ऑगस्टमध्ये तावो कॉफीची बरणी घेऊन रेनेच्या दारात उभा राहिला.

"मोजून देतोय. एकतीस. बाकीच्यांना भुंगे लागले होते."

"सगळे कशाला देतोस? थोडे ठेव की तुझ्याकडे."

"कुठे ठेवू? तिसऱ्या मजल्यावर माती नाही माझ्याकडे, आणि पोरगी हाताला लागेल ते नाकात घालते." तावोने बरणी त्याच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. "एप्रिलमध्ये वर्ष होतंय रे. त्या दिवशी त्यांच्याच हाबांचा रस्सा करायचाय. सगळ्यांना एकेक वाटी. बस्स, एवढंच."

"होईल की."

"आणि पप्पांचा नियम ऐकून घे. भर दुपारी अंगणात अनवाणी उभं राहायचं आणि शंभर मोजायचे. पाय उचलावा लागला नाही, तर पेरायचं."

"आणि उचलावा लागला तर?"

"तर आत जाऊन बिअर उघडायची. पप्पा ऑक्टोबर संपेपर्यंत बिअरच उघडत असायचे."

दोघंही हसले. मग तावो एकदम गंभीर झाला. "पेरायला मी येणार हं. पहिला दाणा पोरीच्या हातून. मला विचारल्याशिवाय हात लावू नकोस."

"नाही लावत, बाबा."

तो महिना रेनेने कसाबसा काढला. पारा एकशे बारा, एकशे चौदा फॅरनहाइट. माणसाला एवढा ताप चढला तर तो वाचत नाही, इथे हवेलाच चढलेला असतो. दारं बंद, पडदे बंद, एसीची घरघर. रेनेने वाफा खणून ठेवला, शेण मिसळलं, रोज काचेतून त्याच्याकडे बघत बसायचा.

आणि मग तेरा सप्टेंबर उजाडला.

रात्री कुठेतरी लांब वादळ होऊन गेलं होतं. पहाटे दार उघडलं तर हवा गार! नुसती कमी गरम नाही, गार. अंगावर काटा आला. त्या सकाळी गल्ली बघायला हवी होती. चार महिने बिळात बसलेली माणसं बाहेर आलेली, कुत्री फिरवतायत, खिडक्या उघडतायत, एकमेकांना ओरडून सांगतायत, "संपला रे बाबा उन्हाळा!" रोपवाटिकेत पार्किंगला जागा नाही. दरवर्षी असा एक दिवस येतो आणि दरवर्षी सगळं गाव फसतं.

रेनेने चपला काढल्या. अंगणात उभा राहिला. शंभर मोजले. पाय उचलावा लागला नाही. माती तळपायाला ओलसर, थंड लागली.

सकाळचे सव्वासात वाजले होते.

दुपार व्हायला अजून बराच वेळ होता आणि त्याचे हात शिवशिवत होते. तावोला फोन करावा असं एकदा मनात आलं. पण तावो तेव्हा ट्रक घेऊन टेक्सासच्या कुठल्यातरी टोकाला होता. तो म्हणणार, थांब. मग रेनेने विचार केला, थांबून काय मिळणार आहे, लवकर पेरलं तर एप्रिलच्या आत दुप्पट शेंगा येतील, तावोला दाखवू तेव्हा तो खूशच होईल. माणसाला हवं असलं की कारणं अशी रांगेत येऊन उभी राहतात. त्याने एकतीसच्या एकतीस दाणे रात्रभर भिजवले आणि दुसऱ्या दिवशी लावून टाकले. एकही मागे ठेवला नाही.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. त्या गल्लीत सगळ्यांच्या अंगणात कालव्याचं पाणी येतं. पंधरा दिवसांनी एकदा पाळी. प्रत्येकाची वेळ ठरलेली, मिनिटापर्यंत. आधी कळवून पाणी मागून घ्यायचं, आपल्या वेळेला आपला व्हॉल्व्ह उघडायचा, अंगण बांधापर्यंत भरून घ्यायचं आणि वेळ संपली की बंद करायचं, म्हणजे पुढच्याची सुरू. रेनेने त्या पाळीला पाणी मागितलंच नाही. उन्हाळा संपला ना! शिवाय जूनपासून तो पाळीच्या दिवशी तोंड लपवूनच असायचा. जूनमध्ये त्याने कानात गाणी घातली होती, पाणी बांधावरून शेजारी मिस ऑर्लीन टॅनर यांच्या खुराड्यात शिरलं होतं आणि त्यांची एक कोंबडी बुडून मेली होती. ब्याऐंशी वर्षांच्या त्या बाईंनी मेलेली कोंबडी पाय धरून त्याच्या दारात आणून दाखवली. काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून नाहीच बोलल्या.

रविवारी तावोचा फोन आला.

"काय रे, माझे दाणे कसे आहेत?"

"बरणीत," रेने म्हणाला. तोंडातून निघून गेलं.

"गार पडलं होतं म्हणे तिकडे. तुझे हात शिवशिवले असतील."

"छे. मी काय वेडा आहे?"

"आहेस तर. बरं ऐक, येत्या शनिवारी मी मोकळा आहे. वाफा बघायला येतो. पेरू नंतर, पण पोरीला जागा तर दाखवू. आजोबांची शेती."

रेनेने फोन ठेवला आणि वाफ्याजवळ जाऊन बसला. माती फुगली होती. एका ठिकाणी चीर पडून त्यातून हिरवट, वाकलेली मान वर येत होती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तो नाचला असता.

दोन दिवसांत सव्वीस वर आले. पाच आलेच नाहीत, उकरून बघितलं तर आत कुजलेले. बुधवारी पारा परत शंभरच्या वर. गुरुवारी एकशे सात. उन्हाळा कुठे गेलाच नव्हता, नुसता पाणी प्यायला थांबला होता.

गुरुवारी दुपारी रोपांनी माना टाकल्या. रेने घाबरून धावला, नळ सोडला आणि पाइप थेट वाफ्यात धरला. पाइप सकाळपासून उन्हात पडलेला. आतलं पाणी चहाच्या आधणासारखं. हाताला चटका बसला तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, तोपर्यंत पहिली ओळ भाजली होती. इथलं शेंबडं पोरसुद्धा आधी पाइप मोकळा करतं. सात रोपं गेली. काळी पडून मातीला चिकटली.

तो स्वतःला शिव्या देत राहिला. बेडवरच्या चादरी काढून चार काठ्यांवर बांधल्या. बर्फाचे तुकडे मुळाशी ठेवले. शुक्रवारी उजाडता उजाडता झारीने पाणी घातलं आणि मग सहज म्हणून बाजूला कुदळ मारून बघितली. वर चार बोटं ओल. त्याखाली माती कोरडी ठक्क, भट्टीतून काढलेल्या विटेसारखी. झारीने जन्मभर पाणी घातलं असतं तरी ते खाली पोचलं नसतं. कालव्याचं पाणी हवं होतं, अख्खं अंगण खोलवर थंड करणारं. ते पाणी आज दुपारीच गल्लीत येणार होतं. सगळ्यांकडे. फक्त त्याच्याकडे नाही.

एकोणीस रोपं उरली होती. हवामानवाले म्हणत होते, आज एकशे नऊ. उद्या तावो.

सकाळी आठ वाजता त्याने मिस ऑर्लीन यांचं दार वाजवलं. त्या गमबूट घालूनच बाहेर आल्या.

"कोंबडी आणली आहेस का?"

"अं? नाही... मिस ऑर्लीन, मला पाणी हवंय."

"स्वयंपाकघरात नळ आहे. ग्लास घे."

"तसं नाही. तुमच्या पाळीतलं. वीस मिनिटं. मी माझं मागवलं नाही या वेळी."

"का नाही मागवलंस?"

त्याने सगळं सांगून टाकलं. दाणे, बरणी, अनवाणी पाय, सव्वासात. त्या दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. अन्सेल्मोंचं नाव आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"सकाळी सव्वासात वाजता," त्या म्हणाल्या. "त्या माणसाने नियम करताना 'भर दुपारी' कशाला म्हटलं असेल, असं वाटलं तुला? शोभेला?"

"चुकलं माझं."

"ते तर चुकलंच. आणि त्या पोराला काय सांगितलंस?"

"दाणे बरणीत आहेत म्हणून."

"अगं बाई." त्यांनी चष्मा परत घातला. "एक वीस ते दोन पाच, माझी पाळी. शेवटची वीस मिनिटं तुझी. पण नीट ऐक. दुपारचं पाणी तापतं. कोवळ्या रोपांत अर्धा तास साचून राहिलं तर शेंगा शिजवायला घातल्यासारखं होईल. भरायचं आणि लगेच उतरवायचं. उतरवणार कुठे?"

"मागे ग्रेपफ्रूटचं झाड आहे. त्याच्या आळ्यात. मधला बांध फोडतो."

"आधीच फोडून ठेव. मग ऐन वेळी फावडं शोधत बसशील."

"आताच करतो."

"आणि कानात ती बोंडं घातलेली दिसली तर मी तुझे कान कापून कोंबड्यांना घालीन."

रेने घरी आला आणि बांध फोडायला घेतला. वरची माती सहज निघाली. एक वीत खाली फावडं खण्णकन वाजलं. चुनखडीचा थर. या वाळवंटात जमिनीखाली ही दगडासारखी पांढरी पापडी कुठेही भेटते. पण वरची वीतभर माती निघाली होती. तेवढी वाट पुरेल, असं त्याने ठरवलं. परत तेच. हवं तसं ठरवून टाकलं.

पावणेदोनला मिस ऑर्लीन यांनी कुंपणापलीकडून हात वर केला. रेनेने व्हॉल्व्हचं चाक फिरवलं. आधी हवा खोकली, मग गढूळ पाणी उसळून बाहेर आलं, त्यात पानं, काड्या, एक बेडूक. कोरडी जमीन चुर्र आवाज करत पाणी ओढू लागली. दहा मिनिटांत अंगण भरलं. वाफ्यात पाणी शिरलं, रोपांच्या गळ्याशी आलं. रेनेने बोट बुडवून बघितलं. गार होतं अजून. दोन वाजून पाच मिनिटांनी त्याने चाक घट्ट फिरवलं आणि ग्रेपफ्रूटच्या बाजूला धावला.

पाणी उतरत नव्हतं.

थोडंसं वाहिलं आणि थांबलं. फोडलेल्या वाटेत तो पांढरा थर उंबरठ्यासारखा आडवा, आणि त्याच्या अलीकडे अख्ख्या वाफ्यात सहा बोटं पाणी, वर एकशे नऊचं ऊन. रेनेने फावडं घातलं. ठण्ण. परत घातलं. हाताला झिणझिण्या आल्या, पांढरा टवकाही निघाला नाही.

"दहा मिनिटं झाली!" मिस ऑर्लीन कुंपणापलीकडून ओरडल्या.

"उतरत नाहीये!"

"मग काय माझी वाट बघतोस? बादली घे!"

त्या फाटकातून आत आल्या, कोंबड्यांच्या दाण्याची बादली घेऊन, आणि गुडघ्यापर्यंत चिखलात उभ्या राहून पाणी उपसायला लागल्या. ब्याऐंशी वर्षांची बाई. रेनेने परत बोट बुडवलं. कोमट. अंघोळीच्या पाण्यासारखं.

"पंधरा मिनिटं!"

तेव्हाच गल्लीत गाडीचं दार आपटलं.

"रेन्या! लवकर सुटलो रे एक दिवस, म्हटलं चला..." तावो घराला वळसा घालून मागे आला आणि जागच्या जागी थबकला. चादरी. काठ्या. चिखलात म्हातारी. आणि पाण्यात माना काढून उभ्या असलेल्या हिरव्या ओळी. हाबाचं पान तो झोपेतही ओळखेल.

"ते काय आहे?"

रेनेने फावडं चिखलात रोवलं.

"रेने. ते काय आहे?"

"तुझे दाणे."

"बरणीत होते ना?"

"नव्हते. तेरा-चौदालाच लावले. खोटं बोललो मी."

"किती लावलेस?"

"सगळे."

तावोचं तोंड असं झालं की रेनेला वाटलं, आता मारतो. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तावोने एकदा वाफ्याकडे बघितलं, एकदा तुंबलेल्या बांधाकडे.

"वीस मिनिटं!" मिस ऑर्लीन ओरडल्या. "भांडायचं असेल तर पाणी काढून भांडा!"

तावो धावत गाडीकडे गेला. परत आला तो हातात लांब लोखंडी पहार घेऊन. रेनेने ओळखली ती. डॉन अन्सेल्मोंची पहार होती, घर विकताना तावोने तेवढीच ठेवून घेतली होती. त्याने बूट न काढता पाण्यात पाय टाकला, पहार दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि थरावर सोडली. एकदा. दोनदा. पाचव्या घावाला पापडी कडकन तडकली.

"फावडं घाल खाली! बघतोस काय माझ्याकडे?"

रेनेने फावडं फटीत घातलं, अंगाचा भार टाकला. तावोने परत पहार मारली. ताटाएवढा पांढरा तुकडा निखळला आणि पाणी गुळगुळ करत त्या भोकातून ग्रेपफ्रूटच्या आळ्याकडे धावलं. तिघंही तसेच उभे राहून बघत होते. वाफ्यातलं पाणी उतरलं, रोपांचे गळे दिसले, मग खोड, मग चकचकीत ओली माती.

मिस ऑर्लीन यांनी बादली पालथी घालून तिच्यावर बूड टेकलं आणि रुमालाने मान पुसली.

"तुझ्या बापाने एकदा मला या शेंगा दिल्या होत्या," त्या तावोला म्हणाल्या. "मी सालासकट खाल्ल्या. तासभर हसत होता माझ्यावर."

तावो हसला नाही. फक्त मान हलवली. मग गाडीत जाऊन बसला. एसी लावून, काच वर करून. रेनेला वाटलं गेला. गाडी गेली नाही, तशीच चालू राहिली. अर्ध्या तासाने रेने पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन गेला आणि काचेवर टकटक केलं. काच चार बोटं खाली आली.

"मला राग कशाचा आलाय माहितेय?"

"सगळे लावले त्याचा."

"ते तर आहेच, गाढवा. पण फोनवर मला म्हणालास, मी काय वेडा आहे. मी हसलो होतो रे. ट्रकमध्ये एकटाच हसत होतो." त्याने बाटली घेतली. "पोरीला सांगून ठेवलं होतं, पहिला दाणा तू टाकायचा."

रेने तसाच उन्हात उभा राहिला. सँडलच्या पातळ तळव्यातूनही रस्ता चटके देत होता.

"बस आत," तावो शेवटी म्हणाला. "तू मेलास तर रोपांना पाणी कोण घालणार?"

संध्याकाळी सूर्य कलल्यावर दोघांनी चादरी काढून शेडनेट बांधलं. तावो रात्री सोफ्यावरच झोपला. सकाळी रेने उठला तेव्हा तो आधीच वाफ्याशी उकिडवा बसलेला होता, एकेका रोपाला बोट लावत.

"मोजलेस?" रेनेने विचारलं.

"अकरा उभे आहेत. आणखी तीन आहेत, पण जातील असं वाटतंय. बाकीचे पाच गेले."

अकरा. रेने त्याच्या शेजारी बसला. अकरा रोपं म्हणजे सगळं नीट झालं तर दोनेक मुठी दाणे. त्यातून एक तर रस्सा होईल, नाही तर पुढच्या वर्षीचं बियाणं. दोन्ही नाही. हे दोघांनाही कळत होतं आणि दोघंही दुसऱ्याने आधी बोलायची वाट बघत होते.

"रस्सा राहू दे," तावो म्हणाला.

"तावो, वर्षाचा दिवस आहे..."

"दुकानातून आणू हाबा. भरपूर आणू. त्या भांड्यात पप्पांचा एक दाणा टाकायचा. एकच. ज्याच्या वाटीत येईल त्याचं नशीब." त्याने नाक ओढलं. "बाकीचे सगळे बरणीत."

रेनेने फोन काढला. बागेची वही उघडली. तेरा सप्टेंबरच्या कोऱ्या जागेत अंगठ्याने लिहायला लागला, तावोच्या समोरच. सकाळचे सव्वासात. खोटं. पाइपाचं पाणी. सगळे एकतीस. तावो खांद्यावरून वाचत होता.

"'गाढव' पण लिही."

"लिहिलं."

"हं. आता पुढचं बोल."

"काय बोलू?"

"मला काय म्हणायचंय ते तुला कळतंय."

रेनेने फोन खिशात ठेवला. वाफ्यात सगळ्यात कडेचं रोप, ज्याच्याबद्दल कालपर्यंत आशा नव्हती, त्याने एक पान जरासं वर उचललं होतं.

"बरणी तुझ्याकडे राहील," तो म्हणाला. "तुझ्या फ्रीजमध्ये, पोरीचा हात पोचणार नाही अशा वरच्या कप्प्यात. पुढच्या वर्षीपासून निम्मेच दाणे मातीत जातील, निम्मे तिथेच राहतील. आणि पेरायच्या दिवशी भर दुपारी बारा वाजता तू, मी आणि तुझी पोरगी, तिघंही या अंगणात अनवाणी उभे राहू. तिने शंभर मोजायचे. तिला शंभरपर्यंत येत नसतील, तर येईपर्यंत मी एकही दाणा मातीत घालणार नाही. शब्द देतो."